तीन नंबरची घंटा कोणी ओढली

या सदरातले गूढ अनुभव मी गेली सहा-सात वर्षं वाचतोय, आणि खाली जाऊन खवचट प्रतिक्रिया टाकणाऱ्यांपैकी मी एक आहे. "आधी घरातला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर चालू आहे का बघा" — हे माझं ठरलेलं वाक्य, कारण त्या वायूने माणसाला भास होतात. जुन्या वाचकांना आठवत असेल, दोघातिघांशी तर माझं भांडणही झालंय. मी क्वालिटी इंजिनीअर आहे, मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत. काही बिघडलं की कारण सापडेपर्यंत कोणाला घरी जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींना आमच्याकडे थारा नव्हता. बायको मेधा संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, मी टीव्ही लावतो. तेव्हा आज मी इथे का लिहितोय हे माझं मलाच नीट सांगता येत नाहीये. तरी सांगतो.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो, एकवीस वर्षं झाली. आमच्यापासून गाडीने पस्तीस-चाळीस मिनिटांवर एक दगडी चर्च आहे. गावाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. त्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, आणि त्या हाताने वाजवतात. आपल्या देवळातल्यासारखी एक टोला दिला की झालं, असं नाही. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला बांधलेली असते. वाजवायच्या आधी ती उलटी करून, तोंड आभाळाकडे करून उभी करतात. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. मग परत ओढायचं, उलट्या बाजूने. म्हणजे दोन ठोके, एक पुढचा, एक मागचा. पुढच्या ठोक्याला दोरावरचा लोकरीचा जाड गोंडा धरून ओढायचा आणि लगेच सोडायचा, तो वर छतापर्यंत जातो. मागच्या ठोक्याला दोराचं टोक हातात असतं, डोक्याच्या वर ताणलेलं, ते ओढायचं. एक माणूस, एक घंटा. तीन नंबरची घंटा अडीचशे किलोची आहे.

आमची सानिका हे कॉलेजमध्ये शिकली. अमेरिकेतच जन्मलेली मुलगी, मराठी समजायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. मी म्हणायचो, आपली पोर आणि चर्चची घंटा बडवते... पण ती हसायची. "It's physics, बाबा, तुला आवडेल." पुढे तिने इंजिनीअरिंग न करता मिडल स्कूलमध्ये सायन्स शिकवायची नोकरी धरली, तेव्हा माझं डोकं फिरलं. तोंडावर फार बोललो नाही, पण घुश्शातच होतो. वर्षभर तरी. घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

त्याच वर्षी तिने नवशिक्यांना घंटा शिकवायचं ट्रेनिंग घ्यायला सुरुवात केली. त्याचं एक लॉगबुक असतं. प्रत्येक लेसनला एक पान — शिकणारा कोण, शिकवणारा कोण, काय झालं, आणि शेवटी 'पुढच्या वेळी काय वेगळं करीन'. तिला कोणीतरी शिकाऊ हवा होता. म्हणाली, "बाबा, please, तू ये ना." गेलो. पहिले दोन लेसन बरे झाले. तिसऱ्याला मी गोंडा सोडला नाही.

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक हीच. गोंडा वर जायला लागतो आणि माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो. सानिका ओरडत होती, "सोड, बाबा, let go!" मी सोडला नाही. मी जमिनीवरून फूटभर उचलला गेलो, वर काहीतरी काडकन मोडलं, आणि मी बसकण मारली. घंटा पलीकडे कलंडू नये म्हणून एक लाकडी दांडा असतो, त्याला स्टे म्हणतात, तो मोडला होता. तळहात सोलवटून निघाले. समोर पाच-सहा जण उभे. त्यांची कॅप्टन मार्गारेट, सत्तरीची रिटायर्ड नर्स, धावत आली. आणि मी, अपमान गिळता येईना म्हणून, सानिकाला सगळ्यांसमोर म्हणालो — "तुला शिकवता येत नाही. कळलं? शाळेतही असंच करत असशील."

मराठीत बोललो, म्हणून इतरांना कळलं नाही असं मी धरून चाललो.

"ओके, बाबा," ती म्हणाली. बस्स. झाडू घेऊन तिने स्टेचे तुकडे गोळा केले. घरी आल्यावर माझ्या तळहातांना जेल लावलं, गॉझ गुंडाळलं. तो ऑक्टोबर होता. त्यानंतर रविवारी वाजवायला ती जायची, पण ट्रेनिंग तिने सोडून दिलं. फोनवर आम्ही नेहमीसारखे बोलत होतो, हवामान, कारचे टायर, जेवलीस का. जानेवारीत एका सकाळी शाळेत जाताना तिची गाडी बर्फावरून घसरली. चोवीस वर्षांची होती.

माझं सॉरी म्हणायचं राहून गेलं असं मी लोकांना सांगतो. राहून बिहून काही गेलं नाही. तीन महिने होते माझ्याकडे, मी म्हटलंच नाही.

एप्रिलमध्ये मी त्या मनोऱ्यात गेलो. निमित्त काय, तर मोडलेला स्टे बदलून देतो म्हणायचं. गॅरेजमध्ये अ‍ॅश लाकडाचा दांडा मापात कापून नेला होता. नवा स्टे त्यांनी केव्हाच बसवला होता. मार्गारेटने माझा दांडा तरीही ठेवून घेतला आणि विचारलं, शिकायचं अर्धवट राहिलंय, पुरं करणार का? मी म्हणालो, त्या दिवशी मी मुलीला काय बोललो ते तुला ठाऊक नाही. ती म्हणाली, "मला तुझी भाषा येत नाही, अवी. पण मी खोलीत होते."

तर मी शिकलो. दीड वर्ष लागलं. आणि मग सानिकाचंच लॉगबुक घेऊन मी शिकवायचं ट्रेनिंग सुरू केलं. अर्धं बुक कोरं होतं, मार्गारेटने चालेल म्हटलं. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, नवं कशाला फुकट घालवायचं. खरं कारण एवढंच होतं की माझ्या एका वाक्यामुळे तिने जे सोडलं ते निदान पुरं तरी व्हावं. माझ्या तिसऱ्या लेसनचं पान मात्र मी कधी उघडलं नाही. त्या पानाला मी काळा बाइंडर क्लिप लावून टाकला होता. तिने त्यात माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ते वाचायची माझी छाती नव्हती.

शिकवताना शिकवणारा समोरासमोर उभा राहतो. आधी शिकणाऱ्याला एकच ठोका देतात, दुसरा आपण घ्यायचा. मग दोन्ही त्याचे. तेव्हा आपले हात दोरापासून दोन बोटांवर हवेत धरायचे, गरज पडली तर पकडायला. आणि पकडलंच, तर तोंडाने "माझी" म्हणायचं, म्हणजे घंटा आता कोणाच्या ताब्यात आहे यात गोंधळ नको. हा नियम फार कडक आहे. दोघांनाही वाटलं समोरच्याने धरलंय, तर अडीचशे किलो कोणाच्याच हातात नसतात.

माझी खोड म्हणजे मी लगेच पकडायचो. शिकणाऱ्याचा हात जरा डळमळला की माझी पकड बसलीच. पहिल्या परीक्षेत मार्गारेटने मला त्यावरच नापास केलं. "अवी, तू त्यांना घंटा देतच नाहीस." पुन्हा असंच झालं तर माझ्याकडे शिकाऊ देणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

दुसरी परीक्षा गेल्या वसंतात, शनिवारी सकाळी दहाला. बाहेर लख्ख ऊन, खाली चर्चच्या हॉलमध्ये घरच्या केक-बिस्किटांचा बेक सेल चाललेला, कॉफीचा वास वरपर्यंत. शिकाऊ म्हणून शलाका होती. मूळची नागपूरची, तिशीतली, वूस्टरला बायोटेकमध्ये डेटाचं काम करते, व्हिसावर आहे. मंडळाच्या संक्रांतीत मेधाकडून माझ्या या उद्योगाबद्दल ऐकून आली होती. सानिकाला तिने पाहिलेलं नव्हतं. आम्हाला मुलगी होती एवढंच तिला माहीत होतं.

खोलीत आम्ही तिघंच. बाकावर मार्गारेट, मांडीवर फॉर्म. घंटा तीन नंबरची. लेसनच्या वेळी घंटेचा लोळा बांधून ठेवतात, गावाला त्रास नको म्हणून. चाकाला सेन्सर असतो, त्यावरून लॅपटॉप आवाज काढतो, आणि प्रत्येक ठोक्याची वेळ फाइलमध्ये नोंदवतो.

"आज दोन्ही ठोके तुझे," मी शलाकाला सांगितलं. "वर बघायचं नाही. गोंडा वर गेला की घाबरायचं नाही, तो परत येतो."

"काका, मी मेले नं, तर माझ्या मॅनेजरला सांगा, स्प्रिंट मीच कम्प्लीट केला होता."

पहिले पाच-सहा ठोके वेडेवाकडे पडले. दोर सापासारखा वळवळत होता, ती ओठ चावत होती. माझे हात शिवशिवायला लागले. पकड, पकड, असं आतून कोणी ढकलत होतं, मी दात आवळून दोन बोटांचं अंतर ठेवलं.

आणि एकदम दोर शांत झाला.

मागचा ठोका सरळ, स्वच्छ आला, पण उशिरा. घंटा वर जाऊन तोलावर किंचित थांबली. पाव सेकंद असेल. मग खाली आली. पुढचा ठोका पुन्हा शलाकाचा, घाईचा, नवशिक्याचा. मग मागचा, पुन्हा तो थांबा घेऊन.

तो थांबा मला माहीत होता. मनोऱ्यात सगळ्यांनाच माहीत होता. सानिका मागच्या ठोक्याला घंटा वर एक क्षण धरून ठेवायची. चूकच ती, तालात वाजवताना तिची घंटा कायम मागे राहायची, आणि मार्गारेट तिला त्यावरून चिडवायची. सानिका म्हणायची, तेवढाच एक क्षण असा असतो की घंटेला काहीच वजन नसतं. नवशिक्याला हे जमत नाही. मला तर अजूनही जमत नाही, घंटा तोलावर थांबवायला हात फार हलका लागतो.

मी मोजत होतो. सवय आहे. अठरा वेळा. अठरा वेळा दोराचं टोक माझ्या हातांसमोरून, दोन बोटांवरून, तसं थांबून खाली आलं. मला ते धरायचं होतं. परीक्षा गेली खड्ड्यात, मला नुसता हात लावायचा होता. पण मधेच पकडलं असतं तर शलाका गडबडली असती, दोर तिच्या गळ्यात आला असता... आणि खरं म्हणजे मला भीती वाटली की मी हात लावला तर ते थांबेल. म्हणून नाही लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी "छान, छान, असंच" म्हणत होतो.

शेवटी मी "स्टँड" म्हणालो, म्हणजे घंटा उभी करून थांबव. तीन नंबर स्टेवर अलगद टेकली, टक् एवढाही आवाज नाही.

शलाका हाश्शहुश्श करत बाजूला झाली. म्हणाली, "काका, राग नका मानू, पण तुम्ही 'माझी' म्हणायला विसरले. मागचा ठोका तुम्ही घेतला होता नं? माझे हात नुसते दोरासोबत जात होते. मी काहीच ओढत नव्हते."

मी म्हणालो, "मी धरलंच नव्हतं."

"असं कसं? कोणीतरी तर ओढत होतं."

मी मार्गारेटकडे पाहिलं. मी न सांगता पकडलं असं तिला वाटलं असणार, म्हणजे मी पुन्हा नापास. पण तिचा पेन खाली पडला होता आणि ती तो उचलत नव्हती. "तुझे हात हवेत होते," ती म्हणाली. "मी पूर्ण वेळ तुझ्या हातांकडेच बघत होते, माझं कामच ते. फक्त आवाज ऐकू आला तेव्हा..." मग ती सानिकाचं नाव म्हणाली. शलाका बिचारी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच स्वतःला म्हणून झालंय. सेन्सर बदलून बघितला, नवा लावला, नोंदीत फरक नाही. शलाकालाच पुढच्या आठवड्यात त्याच घंटेवर उभं केलं. तिचा मागचा ठोका उशिरा नाही, उलट लवकर येतो, नवशिक्यांचा येतो तसा. नकळत तीच ओढत असेल म्हणावं, तर तो थांबा कुठून आला? मीच ओढलं असेल, मनाचा खेळ असेल, तर मार्गारेटने पाहिलं असतं. लॅपटॉपवर सानिकाच्या सरावाच्या जुन्या फाइली होत्या, मार्गारेटने पुसल्या नव्हत्या. त्या दिवशीची फाइल आणि तिची फाइल मी एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावून आलेख काढला. पुढचे ठोके दोन वेगळ्या माणसांचे दिसतात. मागच्या ठोक्यांच्या रेषा एकमेकींवर बसतात. ऑफिसात कोणी मला हे आणून दाखवलं असतं तर मी म्हणालो असतो, ऑपरेटर एकच आहे, पुढे चला.

आणि डिटेक्टर आहे. बॅटरी मी स्वतः बदलली.

त्या शनिवारी घरी आलो तेव्हा मेधा ओट्याशी मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने हात पुसले, माझ्या बॅगेतून लॉगबुक काढलं आणि समोर ठेवलं.

"तो क्लिप काढ," ती म्हणाली.

"मेधा, नको."

"मी वाचलंय. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी वाचलंय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू बुकाला क्लिप लावून बसलास. मला वाटलं, ज्या दिवशी झेपेल त्या दिवशी उघडेल." मग ती रडायला लागली. "अवी, ती रागावली नव्हती रे. वाच तू."

मी क्लिप काढला. पान तिच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात होतं. इंग्रजीत आहे, मी मराठीत देतो. शिकणारा: बाबा. काय झालं: गोंडा सोडला नाही, स्टे मोडला, हातांना लागलं, चूक माझी, मी फार लवकर दोन्ही ठोके दिले. माझ्या त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. आणि शेवटच्या रकान्यात, पुढच्या वेळी काय वेगळं करीन:

'बाबा घाबरले की घट्ट धरतात. पुढच्या वेळी मागचा ठोका मी हळूच घेईन आणि त्यांना सांगणार नाही. आपणच वाजवतोय असं वाटू दे. मग आपोआप सोडतील.'

मी ते पान ओट्यावर ठेवून मेधाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडलो. सानिका गेल्यापासून इतका एकदाही रडलो नव्हतो. सॉरी म्हणालो, मोठ्याने, मेथीच्या काड्यांसमोर. कोणाला ऐकू गेलं असेल नसेल, मला माहीत नाही.

शलाकाच्या त्या लेसनचं पान मला भरायचं होतं. शिकणारा: शलाका. त्याखाली 'शिकवणारा' अशी ओळ असते. मी तिथे सानिकाचं नाव लिहिलं. रविवारी मार्गारेटने चष्मा लावून ते पान वाचलं, आणि खाली सही केली.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सांगता आलं तर ऐकून घेईन, या वेळी खवचटपणा न करता. मार्गारेट म्हणते, त्या दिवसाचं पान माझ्या नावावर धरता येणार नाही, म्हणून मला अजून एक लेसन द्यावा लागेल. देईन. पुढचा शनिवार ठरलाय, घंटा तीन नंबरचीच आहे.